आबांची लाकडं

वळवाच्या वादळात बाभूळ पडली ती नेमकी बांधावरची. त्याच वादळानं आमच्या गोठ्याचा पत्रा उचलून कळसच्या रस्त्यावर नेऊन टाकला, ते मी माफ केलं. पण सगळं शिवार मोकळं असताना बांधावरचं झाड पाडायचं, हे निव्वळ काड्या करणं झालं. बांधाच्या अलीकडं आमचं रान, पलीकडं चुलत सासऱ्यांचं, म्हणजे तात्यांचं. आणि माझे सासरे आबा आणि हे तात्या, सख्खे भाऊ, नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विचाराल तर पाटाच्या पाण्याची पाळी. कुणीतरी कुणाचं तरी पाणी वळवायचं दारं मोडलं होतं. कुणी कुणाचं, याचा दोन्ही घरांत वेगवेगळा इतिहास शिकवला जातो.

आबांना त्या बाभळीची बाज करून हवी होती. मुलानं हौसेनं आणलेल्या लोखंडी कॉटवर झोपून त्यांची पाठ धरायची, आणि मग त्या पाठीची हकिगत आम्हाला चहाबरोबर ऐकावी लागायची. बाभळीचं खोड कवेत न मावणारं, आतला गाभा तांबडाभडक. "माझ्या नातवाचा नातू झोपंल हिच्यावर," म्हणाले. पण करवत काही लावेनात.

"अर्धं झाड त्याचं हाय. त्यानं सांगितल्याबिगर कापायचं न्हाय."

"मग विचारा की त्यांना."

"मी न्हाय बोलत त्याच्यासंगं."

म्हणजे भांडण इतकं पक्कं की बोलायचं नाही, आणि सचोटी इतकी पक्की की कापायचं नाही. मी बारामतीत वाढलेली. आमच्याकडं लोक गोड बोलतात आणि कापून मोकळे होतात.

तीन आठवडे गेले. पडलेली बाभूळ सालीसकट राहिली की तिच्यात भुंगा शिरतो. बुडाशी पिवळा भुसा पडायला लागला. आबा रोज संध्याकाळी जायचे, तो भुसा चिमटीत धरून बघायचे, पलीकडच्या वस्तीकडं एक नजर टाकायचे आणि परत यायचे. त्यांना बाज हवी होती हे खरंच, पण भावानं बांधापर्यंत यावं हे त्याहून जास्त हवं होतं. ते मला कळत होतं आणि वाईटही वाटत होतं. पण दोन म्हाताऱ्यांच्या हट्टापायी चांगल्या लाकडाचं पीठ होताना बघून रागही येत होता.

एका सकाळी माझं डोकं फिरलं. नवरा कामावर गेला होता. मी गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. "आबांची लाकडं न्यायचीत. ट्रॅक्टर घेऊन या."

तो हळूच म्हणाला, "कधी न्यायची?"

"आत्ताच. जास्त ठेवून चालायचं नाही, किडा लागेल."

"तात्यास्नी सांगितलं?"

"त्यांना कोण सांगणार? यांच्यात बोलणं आहे का?"

"असू द्या वहिनी, मी सांगतो. तुमी धीर धरा."

किती समजूतदार माणूस, असं मला वाटलं. इतकी वर्षं या गावात काढली, पण बाभळीचं लाकूड न्यायचं म्हणजे करवतीकडं आणि आबांची लाकडं न्यायची म्हणजे स्मशानात, एवढं काही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

अर्ध्या तासात ट्रॅक्टर आला. त्याच्यामागं चार मोटरसायकली आणि खांद्यावर टॉवेल टाकलेली माणसं. दोन बायकांनी अंगणातूनच तोंडाला पदर लावून सूर धरला. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी थापत होत्या. पिठाच्या हातानं बाहेर आल्या, "कोण गेलं गं?" म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता रीत म्हणून रडायला लागल्या.

एवढ्यात आबा विहिरीच्या मोटरीच्या धारेखाली आंघोळ करून ओल्या टॉवेलावर अंगणात आले. रडणं मध्येच तुटलं. एका पोक्त माणसानं घाईघाईनं खिशात लपवलेला मोबाइल आबांनी मागून घेतला. त्यात आबांचा फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. आबांनी तो लांब धरून नीट बघितला.

"फेट्यातला फोटू न्हवता व्हय रं?"

मी तिथल्या तिथं जमिनीत जायला तयार होते. तोच बांधाकडून तात्या आले. सत्तरीचा माणूस, पळत. रस्त्याचा वळसा न घेता सरळ पडलेल्या बाभळीच्या फांद्यांतून, पायांत चप्पल नाही. अंगणात आले आणि समोर भाऊ उभा बघून जागीच थांबले.

"जित्ता हाईस?"

"हाय की."

तात्यांनी आईवरून एक कचकचीत शिवी हासडली. आई दोघांची एकच होती, हे त्या घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ते मटकन खाली बसले आणि सगळ्या गावासमोर रडायला लागले.

"तू गेल्यावर मी बोलायचं न्हाय ते कुणासंगं?"

कुणी हसलं नाही.

आबा त्यांच्यापुढं बसले. तात्यांचा पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. तळव्यात काटेच काटे. आत्यांनी बांगडीला अडकवलेली पिन काढून दिली. आबा एकेक काटा काढत राहिले. मग मान वर न करता आबांनी विचारलं, "कुठनं कापू?"

"कापतुस कशाला? पिनंनं निघतुय की."

"बाभूळ रं, येड्या."

तात्यांनी नाक पुसलं. "बाज करायचीय न्हवं तुला? मग तुझ्या उंचीनं काप," म्हणाले, आणि दुसरा पाय आबांच्या मांडीवर ठेवला.