एक्केचाळीस बायकांची यादी

मामा गेले त्याला तीन आठवडे झाले. दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत तीस वर्षं काढली त्यांनी. हत्यारं उकळायची, कपडे वाफेला लावायचे आणि मॉप मोजायचे. मॉप म्हणजे पोट उघडलं की रक्त टिपायला आत ठेवतात तो जाड कपडा. दहा आत गेले तर दहा बाहेर यायला पाहिजेत, मगच डॉक्टर पोट शिवणार. मोठ्या सिस्टर चिडवायच्या, "मामा, झाली का उजळणी?" मामा म्हणायचे, "घाई तुम्ही करा, मोजायचं मी बघतो."

अडीच-तीन वर्षांपूर्वी एके दिवशी एका बाळंतिणीचं पोट उघडलेलं होतं. दहा दिले, दहा आले. मामा "बरोबर" म्हणाले, डॉक्टरांनी सुई घेतली. पण मामांना काही चैन पडेना. बादलीपाशी बसून ते कपडे परत उलगडत बसले. तर त्यातल्या दोन कपड्यांना एका बाजूला शिवणच नाही, नुसती कात्रीची कड.

"डॉक्टर, थांबा जरा. हे दोन म्हणजे एकच आहे."

"दहा भरले ना मामा?"

"दहा भरले, पण अकरा भरायला पाहिजेत. कुणीतरी एकाचे दोन केलेत."

नवी सिस्टर खाली बघायला लागली. मधेच लहान तुकडा हवा होता म्हणून तिनंच कापला होता. वरून माल येत नव्हता, चार महिने सगळ्याच जणी असं करत होत्या. भूल देणारे म्हणाले आवरा लवकर. डॉक्टरांनी तोंडानं शिव्या देत घातलेले टाके सोडले, आत हात घातला, आणि आख्खा मॉप बाहेर आला.

सगळ्यांनी मामांची पाठ थोपटली. मामा तोंड पाडून घरी आले.

"चार महिने नुसता आकडा मोजला गं मी," मामीला म्हणाले. "कड बघितलीच नाही."

"आता बघितलीत ना? जेवून घ्या."

जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी रजिस्टर काढून नावं उतरवून घेतली. चार महिन्यांत पोट उघडलेल्या एक्केचाळीस बायका. डॉक्टर म्हणाले, "मामा, बोंबाबोंब नको हं." मामा म्हणाले, "नुसती विचारपूस करतो." आणि सुट्टीच्या दिवशी सायकल काढून निघाले. ताई, पोट दुखतं का, ताप येतो का. एकीच्या नवऱ्यानं विचारलं, "कुठल्या गोळ्या विकता?" एका म्हातारीनं तर दारातूनच हाकललं. मामा चिडले नाहीत, पुढच्या दारात गेले.

तेविसावी बाई अंथरुणालाच खिळलेली. सासू म्हणाली, "गॅस आहे, दुसरं काय." मामा तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन आले. तिच्या पोटातून अर्धा मॉप निघाला, सडलेला. महिनाभर पडून होती, पण वाचली. तेव्हापासून मॉप कापायचं बंद झालं. माल नसेल तर तातडीची सोडून बाकी ऑपरेशनं डॉक्टर पुढे ढकलायला लागले, आणि आकडा व कडा दोन माणसं बघायला लागली.

मामा काही थांबले नाहीत. चाळीस बायका झाल्या. एकच राहिली. दिलेल्या पत्त्यावर दुसरेच भाडेकरू, फोन बंद. शेजारणीला विचार, किराणावाल्याला विचार, दोन वर्षं तेच. मामी वैतागून म्हणायची, "ती बाई तुमची कोण लागते हो?" मामा सायकलीत हवा भरायला घ्यायचे.

मग छातीत दुखायला लागलं. त्याच दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर रोज येऊन बसायचे. शेवटच्या दिवशी बोलताना मामांना धाप लागत होती, तरी विचारलं, "ती सापडली का हो?"

डॉक्टर म्हणाले, "सापडली मामा. ठणठणीत आहे."

मामा उठून बसायला बघायला लागले. "कुठं राहते?"

 डॉक्टर सलाईनची नळी चाचपत बसले. मामा मामीला म्हणाले, "माझी यादी दे गं. एक राहिलीय अजून."