बाची थाळी

आमच्या ठाकरवाडीत माणूस गेलं की बा थाळी वाजवायचा. काशाची थाळी, मधोमध मेणाने चिकटवलेली उभी काडी. काडीवरून बोटं ओढली की थाळी घुमायची, आणि त्या सुरावर बा गेलेल्याचं नाव घेऊन त्याला वाट दाखवायचा. एरवी मेण काढून थाळी फळीवर. दुसरं वाजवणारं कोणी उरलं नव्हतं. बाला कोण वाट दाखवणार, हे आम्ही कधी तोंडातून काढलं नाही.

माझा धाकटा भाऊ कर्जतला डीजे वाजवतो. त्याला थाळीच्या आवाजावर बीट टाकायचा होता. "तू गेल्यावर कोन वाजवील, बा? निदान मोबाइलात तरी राहील," तो म्हणाला. जीभ जराही अडखळली नाही त्याची. मला राग आला, आणि तो खरं बोलला याचा जास्त आला.

"मेल्याबिगर थाळी वाजत नाय. नाव कोनाचं घालू?" बा एवढंच म्हणाला. पण पुढच्या रविवारी स्वतःच मेण घेऊन बसला. वाजवलं, आणि नावाच्या जागी स्वतःचं नाव घातलं. आई चुलीपासून उठून बाहेर निघून गेली. भावाने मोबाइल तसाच धरून शेवटपर्यंत रेकॉर्ड केलं.

त्या लग्नसराईत बीट टाकलेलं ते गाणं पार शिळफाट्यापर्यंत वाजलं. मोहोपाड्याला माझ्या नणंदेच्या हळदीत लोक त्यावर घामाघूम होऊन नाचले. आमच्या बोलीतले शब्द त्यांना काय कळणार? मी आत जाऊन रडले. माझ्या जिवंत बापाला लोक नाचत पोचवत होते.

पावसाळा सरता सरता बा गेला. त्याच्या दिवसकार्याला थाळी हवीच. भावाने बीट टाकण्याआधीचा आवाज शोधला, पण तो जुन्या मोबाइलबरोबर गेला होता. शेवटी ढुमढुमवालंच अंगणात लावलं. म्हातारी माणसं मान खाली घालून बसली. बाचं नाव आलं आणि वाडीतली पोरं सवयीने नाचायला उठली. काकाने हात उगारला.

"ऱ्हाऊ दे रं," आई म्हणाली. "त्यांना तेवढंच ठावं हाय."

भावाने नंतर ते गाणं कुठेच वाजवलं नाही. हळदीत लोक मागतात, तेव्हा सांगतो, "ज्याचं व्हतं त्याला पोचलं."

आई आता फार थकली आहे. गाण्यात नाव फक्त बाचं आहे.