आता पेशंट कोणाच्या हातात?

आमची शेजारीण शकुन आफळे कोलकात्याच्या बेहाला भागातल्या एका खासगी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. नवरा कस्टम्समध्ये, खिदिरपूरला. बदलीच्या गावी बायका घर लावतात; हिने माणसं उभी करायला घेतली. बोलायला फटकळ, पण पेशंटला चालवताना त्यांच्या कमरेला बांधलेला पट्टा इतका घट्ट धरते की ते काकुळतीला येऊन सांगतात, दीदी, पळून नाही जाणार.

पेशंट पडू नयेत म्हणून तिथे एक कमिटी आहे. डॉक्टर, नर्स, औषधवाले, सफाईचे सुपरवायझर आणि शकुन. सगळ्यांनी एकजुटीने काम करायचं असं ठरलेलं. प्रत्यक्षात जो तो आपलंच काम इतकं चोख करी की विचारू नका. डॉक्टरांची कंबर दुखते म्हणून तपासताना पलंग उंच होई. तो खाली करणं नर्सचं काम. नर्स गोळी देई. त्या गोळीने लघवीची घाई होते हे सांगणं औषधवाल्यांचं काम. सफाईवाले लादी चकचकीत करत आणि पसारा नको म्हणून वॉकर दूर भिंतीशी ओळीत लावत. दुसऱ्याला काही विचारणं म्हणजे नाक खुपसणं!

अशा ठिकाणी दत्तात्रय गुप्ते आले. बंदरातून निवृत्त झालेले, बायको गेलेली, खुब्याचं ऑपरेशन. पुण्याच्या मुलाने, रोहनने, बजावलं होतं, "बाबा, पुन्हा पडलात तर कोलकाता बंद. माझ्याकडे यायचं."

गुप्तेकाका धास्तावले होते. "शकुन, मला माझ्या घरी जायचंय गं. खाली चहाच्या दुकानात रोज संध्याकाळी आमची भांडणं होतात. पुण्यात माझ्याशी भांडायला कोण आहे?"

शकुनने त्यांना चालवलं. काका व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन येऊ लागले. कमिटी हरखली. एकजुटीचा एवढा उत्तम नमुना हाताशी आहे, तर फोटो नको?

घरी सोडायच्या सकाळी पाचही जण पलंगाशी जमले. डॉक्टरांचं तपासून नुकतंच झालेलं, म्हणून पलंग उंच. वॉकर फोटोत बरा दिसत नाही, म्हणून बाहेर. काकांनी उठून मधोमध उभं राहायचं होतं. "दीदी, हातटा शोरान," फोटो काढणारा म्हणाला. शकुनने पट्ट्यावरचा हात बाजूला घेतला. डॉक्टरांना वाटलं नर्सने धरलंय, नर्सला वाटलं डॉक्टरांनी. सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसत असताना काका पलंगावरून घसरले आणि लादीवर आपटले.

हाड वाचलं, कोलकाता मात्र गेलं. रोहन दुसऱ्याच दिवशी विमानाने आला. कमिटीने चहा घेत निष्कर्ष काढला, की पेशंटने घाई केली.

"पेशंटने काही केलेलं नाही," शकुन उभी राहून म्हणाली. "मी सोडलं त्यांना. आणि तुमच्यापैकी कोणी धरलं नव्हतं."

तेव्हापासून पट्टा सोडण्याआधी ती खणखणीत आवाजात विचारते, "आता पेशंट कोणाच्या हातात?" 'माझ्या' असं ऐकल्याशिवाय हात काढत नाही, समोर कितीही मोठे डॉक्टर असोत. ते वैतागतात, पण 'माझ्या' म्हणतात आणि पलंगही खाली करतात. मला तिचा अभिमान वाटतो, आणि एवढ्यासाठी एका म्हाताऱ्याचं गाव सुटावं याचा संतापही येतो.

परवा पुण्याहून काकांचा फोन आला. शकुनने घाबरतच विचारलं, "काका, पुन्हा पडला नाहीत ना?"

"पडणार कसा?" काका म्हणाले. "इथे मला उठूच देत नाहीत."