निंबादादांचं झाकलेलं दुकान

निंबादादांच्या कम्प्युटरवर कायम एक जुनी साडी असायची. वहिनींची, अबोली रंगाची, काठ विरलेली. जिन्यावर कुणाची चाहूल लागली की दादा ती झटकन पडद्यावर ओढत आणि गुडघ्यांवर हात ठेवून एखाद्या शाळकरी पोरासारखे साळसूद बसून राहत. विजेचं मीटर वाचणारा आला तरी तेच. सुरतच्या गोडादऱ्यात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आमचं ऑफिस होतं. मी कामाला लागले त्या पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापासूनही पडदा झाकला. "अहो दादा, मला हेच काम करायचंय ना?" मी म्हटलं. "सांगतो, सांगतो. आधी दार लाव," ते म्हणाले.

हा स्वभाव त्यांना बाजाराने लावला होता. दादा मूळचे धुळ्याकडचे. सुरतच्या कापड बाजारात एका व्यापाऱ्याकडे ते साड्यांची डिझाइनं काढायचे. काढायचे म्हणजे काय, शेठ सकाळी दुसऱ्याच्या साडीचा फोटो पाठवायचा आणि संध्याकाळपर्यंत दादा तशीच साडी कम्प्युटरवर उतरवून द्यायचे. "एक फूल फिरवलं की साडी आपली," असं ते हसत सांगत. पण ते हसू फार टिकायचं नाही. सगळा जन्म दुसऱ्याचं उतरवण्यात गेला, मरण्याआधी एक तरी गोष्ट अशी करायची की जिच्यावर फक्त आपलं नाव असेल, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. त्यापायी त्यांनी पक्की नोकरी सोडली.

कल्पना साधीच होती. बाजारातला व्यापारी कोरं कापड रंगवायला पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये पाठवतो आणि मग दिवसभर फोन करत बसतो, माल कुठवर आला? दादांनी ॲप बनवलं. मिलमधल्या कामगाराने प्रत्येक टप्प्यावर मालाचा फोटो काढायचा, व्यापाऱ्याला तो मोबाइलवर दिसणार. ॲपचं नावही ठेवलं 'कुठवर'. खरं सांगते, मला ते पहिल्याच दिवशी फार आवडलं होतं.

पण दादांनी ते जगापासून लपवलं. एकाच मिलला दिलं आणि तिथे फोटो काढायला आपल्याच भाऊबंदांतली मुलं ठेवली. श्रावणात खानदेशी घरांत कानबाई देवी बसते. तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांतच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत. दादांनी ॲपलाही तोच नियम लावला. सगळ्यांना कानबाईची शपथ घ्यायला लावली. "रोट घरना बाहेर जात नही," ते बजावत. मी पडले विदर्भातली, बौद्ध घरातली, त्यांच्या शेजारची. मला घेतलं ते गुजराती फर्डं बोलता येतं म्हणून, व्यापाऱ्यांचे फोन घ्यायला. "म्हणजे मी रोट न खाता नुसती भांडी घासणार," असं मी चिडवलं की दादा कानकोंडे होत. दुसऱ्या मिलवाल्यांनी विचारलं तर ते हात झटकत, "अजून तयार नाही." मी कपाळाला हात लावायची.

आणि मग एका मोठ्या कंपनीने अगदी तसंच ॲप आणलं. तेच टप्पे, तसेच फोटो, आणि वापरायला फुकट. दहा मिलांनी ते लगेच घेतलंसुद्धा. दादा दोन घास नीट जेवेनात. त्यांना एकच प्रश्न, कोणी फोडलं? त्यांनी सख्ख्या पुतण्याला, सुकदेवला, समोर उभं केलं. तो पोरगा रडकुंडीला आला. "काका, कानबाईनी आन, मी कोनलेच सांगं नही!" दादांनी त्याला हाताला धरून जिन्याखाली उतरवलं. उरलेले भाऊबंदही त्याच्या पाठोपाठ गेले.

खरं कारण आम्हाला मिलच्या शेठकडूनच कळलं. त्याने एका लग्नात दहा जणांना मोबाइल दाखवून ॲपचं कौतुक केलं होतं. "अरे निंबाभाई, एमां छुपाववानुं शुं हतुं?" तो भाबडेपणाने म्हणाला. त्यात लपवण्यासारखं होतंच काय? बघणाऱ्याला एका नजरेत कळावी अशीच तर ती गोष्ट होती. दादा सुकदेवच्या घरी गेले, पण त्याच्या आईने दार उघडलं नाही.

मला मात्र फोनवर वेगळंच ऐकू येत होतं. फुकटचं ॲप घेतलेले व्यापारीही मलाच फोन करत, माझा नंबर त्यांच्याकडे आधीपासून होता. "बेन, फोटो तो आव्यो, पण रंग बराबर छे ने?" मग मी मिलमध्ये फोन करून कुणाला तरी कापडाचा तुकडा उन्हात नेऊन बघायला सांगायची आणि व्यापाऱ्याला कळवायची. पलीकडच्या कंपनीत फोन उचलायला माणूसच नव्हतं. मी दादांना म्हटलं, "फोटोंचं सोडा. हे विचारपूस करणं, हाच आपला धंदा आहे. सगळ्या मिलांना द्या, उघड द्या. होऊ दे नक्कल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परक्याच मुलखातली भाषा बोलत होते. "नक्कल झालेली साडी बाजारात कोणी हातात धरत नाही, वंदना. ती मेली." साडी आणि हे एक नाही, हे मी त्यांना किती परींनी सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. मला त्यांचा राग यायचा आणि त्या वाकलेल्या पाठीकडे बघून रडूही यायचं.

एका सकाळी मी आले तर त्यांनी 'कुठवर' बंद करून टाकलं होतं. सगळं पुसलं होतं. "आता घ्या म्हणावं उतरवून," ते म्हणाले. तेवढ्यात माझा फोन वाजला. पलसाण्याच्या त्याच मिलमध्ये माल टाकणारे एक म्हातारे व्यापारी होते. मी मुद्दामच आवाज मोठा केला. "बेन, तमारुं ॲप बंद छे? जाय तो जाय. तमे फोन उपाडजो, बस." ॲप गेलं तर गेलं, मी फोन तेवढा उचलावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

दादा खुर्चीत बसले. खाली चक्की चालू होती, टेबल थरथरत होतं. मग फोनवरच्या त्या माणसाचं नाव काय, त्याचं दुकान कुठे, किती वर्षांपासून तो धंद्यात आहे, हे त्यांनी मला विचारलं. मी सांगत गेले. त्याची मुलगी नवसारीला दिली आहे, हेसुद्धा सांगितलं.

पुढच्या आठवड्यात पलीकडच्या कंपनीने मला बोलावलं. त्यांनाही आता फोन उचलायला माणूस हवं होतं. मी दादांना सांगायला गेले तेव्हा ते खोलीतलं सामान बांधत होते. हजीऱ्याला एका कंत्राटदाराकडे स्टोअर सांभाळायची नोकरी त्यांनी धरली होती. "जा," ते म्हणाले. "तिथे मान मिळेल." दोरीची गाठ मारता मारता थांबून त्यांनी वर पाहिलं.

"वंदना, एवढ्या काळात मी एकदा तरी कुठल्या गिऱ्हाइकाशी बोललो होतो का गं?"

मी आठवून पाहिलं. खोटं बोलावंसं फार वाटलं.

"नाही, दादा."