वानरं पाहणारी

लिंबायतहून मी कडोदऱ्याच्या कारखान्यात साड्यांचे धागे कापायला जायचे. गेटसमोरच्या चिंचेवर वानरांची टोळी असायची आणि खाली त्यांच्यावर संशोधन करणारी एक मुलगी, दुर्बीण लावून बसलेली. कुणी कुणाचं पिल्लू उचललं, सगळं ती वहीत लिहायची. एकदा सुपरवायझर म्हणाला, "लगीन कर पोरी, वांदरं पाहून काय भेटतं?"

दुर्बीण न हलवता ती म्हणाली, "नर बदलत राहतात, काका. टोळी बायकाच धरून ठेवतात. हे पाहूनच कळलं."

त्याने वॉचमनकडून तिला हाकलवलं. दुसऱ्या दिवशी ती रस्त्यापलीकडे उन्हात उभी राहून लिहीत होती. जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघींनी आतली खुर्ची नेऊन चिंचेखाली ठेवली. तिचं नावही आम्हाला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "बस गं. कोण उठवतो बघू."