डाव्या हाताची हत्यारे

आमच्या नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गावात कोणी त्यांच्या नावाने हाक मारल्याचे मला आठवत नाही. पारोळ्याहून बैलगाडी निघाली की दुपारच्या आत आमचे गाव येई. त्या वाटेवर कोणालाही सुताराचे घर विचारा, तो उलट विचारी, "डावऱ्या मिस्तरीनं का?" नाना डावखुरे होते. वाकस डाव्या हातात, करवत डाव्या हातात, बिडीसुद्धा डाव्याच हातात. गावातले नांगर, वखर, गाड्यांची चाके, सगळे त्यांच्या हातचे. आणि तरी गावाच्या लेखी या माणसाची ओळख काय, तर हात चुकीचा. मला याचा तेव्हाही राग येई आणि आता म्हातारपणी तर जास्तच येतो.

हत्यारे त्यांनी आपल्या हाताला बेतून घेतली होती. वाकस म्हणजे लाकूड तासायचे हत्यार. त्याची धार नानांनी उलट बाजूने लावली होती आणि दांडा जरासा कलता बसवला होता. रंध्याची मूठ इतकी झिजली होती की तिला त्यांच्या डाव्या अंगठ्याची खळी पडली होती. दुसऱ्या कोणी ही हत्यारे उचलली की ती लाकडावरून सटकत. शेजारच्या गावचा एक सुतार एकदा सकाळी वाकस मागून घेऊन गेला आणि संध्याकाळी पायाला चिंधी गुंडाळून परत करायला आला. "मिस्तरी, हाई हत्यार शे का वैरी शे?" असे तो ओरडला. नाना शांतपणे म्हणाले, "हत्यारच शे. पन तुले वळखत नई."

शेतीच्या कामाला गावाला नानांचा डावा हात चाले. लग्नकार्य आले की चालत नसे. आमच्या पाटलांच्या मुलीच्या लग्नात नवे पाट करायचे होते. पाटील स्वतः घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "मिस्तरी, शुभ काम शे. पाटले उजवाच हात लावजो." नानांनी मान हलवली आणि सगळे पाट नेहमीसारखे डाव्या हाताने केले. फक्त एका पाटाचा शेवटचा खिळा तेवढा राखून ठेवला. तो त्यांनी पाटलांच्या ओट्यावर, चार शहाण्या माणसांच्या देखत, उजव्या हातात हातोडी धरून ठोकला. पहिला घाव खिळ्यावर बसला आणि दुसरा अंगठ्यावर. पाटलांचे समाधान झाले, वऱ्हाडी मंडळींचेही झाले. घरी येऊन अंगठा पाण्यात बुडवून बसलेले नाना हसत म्हणाले, "बठ्ठा पाटसमा तोच एक खिया वाकडा शे."

ते हसत. मला हसू येत नसे. त्याच पाटांवर पंगत बसली की कोणीतरी मुद्दाम ओरडे, "मिस्तरी, उजवा हात!" आणि सगळी पंगत खो खो हसे. नाना उजव्या हाताने जेवू लागले की वरण कोपरापर्यंत ओघळे. पुढे पुढे त्यांनी पंगतीला जाणेच सोडले. भूक नाही म्हणून सांगत आणि घरी येऊन चुलीपाशी सकाळची भाकरी डाव्या हाताने निवांत खात. पाट ज्याने केले त्याने चुलीपाशी शिळी भाकरी खायची आणि फुकट बसणाऱ्यांनी त्याला हसायचे! हे ज्यांना विनोदी वाटे त्यांना खुशाल वाटो.

आता फुईबद्दल सांगायला हवे. फुई म्हणजे आमची आत्या, नानांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा फुईनेच भाऊला आणि मला वाढवले. भाऊ माझ्यापेक्षा मोठा, आणि उजव्या हाताचा, म्हणून फुईचा लाडका. मी निपजले नानांसारखी. मी डाव्या हाताने भाकरी तोडते हे दिसले त्या दिवशी फुईने जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि माझा डावा हात कमरेशी बांधून टाकला. नाना कामावरून आले, त्यांनी पाहिले, आणि फुईपुढे आपला डावा हात केला. "पहिले मना बांध," ते म्हणाले. "मंग पोरना बांध." फुई रडली आणि तिने गाठ सोडली. पण नाना पारोळ्याच्या बाजाराला गेले की चिंधी पुन्हा बाहेर निघे. ती माझ्यावर माया करी यात शंका नाही. हात बांधताना चिमटा बसू नये म्हणून ती चिंधीखाली आपले बोट घालून पाही. असल्या मायेचे काय करायचे, ते मला आजही कळलेले नाही.

फुईने बांधायचे आणि नानांनी सोडायचे, असे माझे लहानपण गेले. मी विचारले, "नाना, आपला हात असा का?" तेव्हा ते म्हणाले, "हात डावा-उजवा काही ऱ्हात नई, पोर. चालस का नई चालत, एवढंच." आणि बाभळीचा एक तुकडा आणि पटाशी माझ्या हातात दिली. खाच पाडायची तर अर्धी या अंगाने आणि अर्धी त्या अंगाने, मधे दोन्हींची गाठ पडू द्यायची. एकाच बाजूने घाई केली की लाकूड चिरते. एवढे त्यांनी मला शिकवले, आणि फुईच्या नजरेआड मी ते पुष्कळदा केले.

पुढे शाळेत मास्तरांच्या छडीने मला उजव्या हाताने लिहायला शिकवले. मी शिकले, लग्न होऊन जळगावला पिंप्राळ्यात आले, मुलींच्या शाळेत शिकवू लागले. फळ्यावर उजवा हात, ताटात उजवा हात, हळदीकुंकवाला उजवा हात. अगदी शहाणी बाई झाले म्हणा ना.

लढाईच्या दिवसांत, एका हिवाळ्यात नाना गेले. भाऊ तोवर धुळ्याला खुर्च्या-टेबलांच्या दुकानात कामाला लागला होता आणि विलायती हत्यारे वापरत होता. पुढच्या आखाजीला नानांच्या नावाची घागर भरायची होती. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडचा मोठा सण. गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर पुजायची, तिच्यावर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवायच्या. सासरच्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि त्या दिवशी लेकीला कोणी कशाला अडवत नाही. मी घरी पोचले तर ओसरीवर नानांची हत्यारे रद्दीसारखी पसरलेली आणि पलीकडे पोते घेऊन भंगारवाला बसलेला. ज्याच्या नावाने आत घागर भरली होती त्याचीच हत्यारे बाहेर मोडीत निघाली होती.

"लढाईमुळे लोखंडाला मागणी आहे," भाऊ मला समजावू लागला. "आणि यांचा उपयोग काय? कोणाला चालतात ही?" त्याने वाकस उजव्या हातात घेऊन एका ओंडक्यावर मारला. तो सटकला. "बघ. बिघडलेली आहेत."

"बिघडलेली नाहीत," मी म्हणाले.

"डाव्या हाताचं हत्यार घरमा ठेवू नई, पोर," फुई आतून म्हणाली. "त्यानी बिचारानी जनमभर भोगं. आते जाऊ दे."

माझे डोकेच फिरले. भोगले ते हातामुळे भोगले का? हात तर कधी चुकला नव्हता! त्या हाताला नावे ठेवणारी तोंडे चुकली होती, आणि ती सगळी शाबूत होती. माणूस गेला, आता त्याच्या अंगठ्याची खळीसुद्धा भट्टीत घालायची होती. मी हे सगळे मोठ्याने बोलले, भंगारवाल्यादेखत बोलले. भाऊ एवढेच म्हणाला, "रागावून काय होणार? वापरणारा दाखव, मी ठेवतो."

तेवढ्यात गल्लीतल्या पोरी दोर घेऊन आल्या. दर आखाजीला झोक्याची फळी नाना देत. जुनी फळी तडकली होती, आणि सवयीने पोरी आमच्याच दाराशी आल्या होत्या. भाऊ म्हणाला, "माझी हत्यारे धुळ्याला राहिली. काय करू?"

मी पदर खोचला, नानांच्या लाकडांच्या ढिगातून बाभळीची एक फळी ओढली आणि वाकस डाव्या हातात घेतला. फुई दारात येऊन उभी राहिली. सणाचा दिवस होता, लेकीला अडवायचे नाही, म्हणून ती नुसतीच बघत राहिली. किती वर्षांनी हात लावत होते! पहिला घाव भलतीकडे गेला. मग दांड्याने माझी मूठ आपल्या जागी बसवून घेतली आणि वाकस चालू लागला. कड तासली. पटाशी घेतली. दोराच्या खाचा पाडल्या, अर्ध्या या अंगाने, अर्ध्या त्या अंगाने. एक खाच थोडी तिरकी झाली, पण लाकूड चिरले नाही. कोणी हसले नाही. भंगारवाला पोते झटकून उठला, आणि भाऊ त्याच्याकडे न बघता आत निघून गेला.

संध्याकाळपर्यंत पोरी त्या फळीवर झोके घेत होत्या. मी हत्यारे एका फडक्यावर गोळा केली, तर वरून आवळायला काही नव्हते. फुई आतून आली. ती फार थकली होती, दिसतही कमी होते. खाली बसून तिने वाकसाच्या दांड्यावरून, रंध्याच्या मुठीवरून बोटे फिरवली. अंगठ्याची खळी सापडली तिथे बोट थांबले. मग तिने आपल्या नेसत्या लुगड्याचा काठ दातात धरला आणि टर्रकन एक लांब चिंधी फाडली. हत्यारे तिने फडक्यात घेतली, वरून चिंधी आवळली, आणि गाठ मारण्याआधी सवयीने खाली बोट घालून पाहिले.

मी गाठोडे घ्यायला हात पुढे केला. वडीलधाऱ्यांकडून काही घ्यायचे म्हणून, शिकवल्याप्रमाणे, उजवा.

फुईने तो हात बाजूला सारला आणि गाठोडे माझ्या डाव्या हातात दिले.

"उजवा हातमा लेऊ नको," ती म्हणाली. "पाडी टाकशी."