पाटावरचे डॉलर

माझा धाकटा भाऊ अमेरिकेला गेला तेव्हापासून दर भाऊबीजेला तिथून मला चांदीचा एक डॉलर येतो. कधी फार जुना, काळवंडलेला, तर कधी कसल्याशा सोहळ्यानिमित्त काढलेला चकचकीत. भाऊ जवळ नसला की बायका चंद्राला ओवाळतात. मला ते कधी पटलं नाही. चंद्र काय, सगळ्यांचाच. मी पाटावर त्याचं नाणं ठेवायची, त्याला कुंकू लावायची, अक्षता वाहायची आणि रीतसर ओवाळायची. मग कुंकवाचे डाग निघेपर्यंत चिंचेनं घासून लख्ख करायची आणि डब्यात ठेवून द्यायची.

आता त्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. विमानप्रवास डॉक्टरांनी बंद केलाय, म्हणजे भेटायचं तर मीच जायला हवं. "तिकीट पाठवतो," असं तो म्हणाला की माझा पारा चढायचा. धाकट्याच्या पैशानं थोरलीनं जायचं? पण ओवाळणी तर माझी. ती विकून जाईन असं ठरवलं आणि डबा घेऊन सराफ्यात गेले.

जुनी नाणी घेणाऱ्या दुकानदारानं एकेक डॉलर तोलला, काठावरच्या रेघा बघितल्या, भिंग लावून नाण्याच्या मागच्या बाजूवरल्या गरुडाखालचं बारीक अक्षर वाचलं. त्या अक्षरावरून टांकसाळ कळते म्हणे. सगळ्यात जुन्या नाण्यापाशी तो थबकला.

"ताईजी, हे इतकं रगडलं कोणी?"

"मीच. दर वर्षी. का हो भिया, काही बिघडलं?"

"अरे रे! काळं पडलेलं तसंच राहू दिलं असतं न, तर ह्याची कीमतच अलग होती. आता ह्या सगळ्यांचे बस चांदीचे पैसे."

मग त्यानं तळाची प्लास्टिकची सीलबंद डबी उचलली. "हां, ह्याला कोणाचा हात नाही लागला. ह्याचे बढिया मिळतील."

ते मागच्या वर्षीचं. भावाला ये म्हटलं की तो नुसतं नाणं पाठवतो, म्हणून मी रुसले होते. पाट मांडला नव्हता की डबी उघडली नव्हती. आजार त्यानं तोवर माझ्यापासून लपवलेला होता.

सगळं मिळून तिकिटाचे निम्मेही पैसे होत नव्हते. डबा तसाच घेऊन घरी आले, त्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो खूप हसला.

"ताई, मग दर वर्षी रुसायचं होतंस न!"

मला काही हसू आलं नाही. त्याचा आवाज बारीक झाला होता, हसतानाही दम लागत होता. मला तो समोर बसलेला हवा होता, त्याच्या कपाळाला माझं बोट लागायला हवं होतं. आजवर मी त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"तिकीट काढ माझं," मी म्हटलं. "लवकरचं काढ."